सहावा दिवस

बसूनच झोपायचं, पंचेचाळीस अंशांत,
विमानातली मानेची उशी घालून.
तासातासाला मिठाच्या पाण्याचा फवारा, गजर लावून.
शलाका दुसऱ्या खोलीत गेलीय.
म्हणाली, तुझ्या केसालाही धक्का नको माझा.
हसली. मला हसता येईना,
कपाळावरची सूज डोळ्यांत उतरलेली.

स्वान्सीच्या खाडीवरून वारा येतो,
मी खिडकी लावून घेतो.
दाराची चौकट, गाडीची डिकी, सीगल,
सगळं जग एकाएकी माझ्या टाळूच्या उंचीवर आलंय.
आईला सांगितलं, कॅमेरा बिघडलाय.

दोन हजार तीनशे दहा. बिलावर आकडा आहे.
मागचा भाग बधिर; बोट लावलं तर
दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं लागतं हाताला.

आज पहिलं न्हाणं. मगाने पाणी, बेबी शाम्पूचा फेस.
तळहातावर एक खपली, खपलीत एक केस.
रक्त आलं का, नर्सने फोनवर विचारलं.
नाही.
मग मूळ आत आहे.
टॉवेल न लावता, टबात थेंब गाळत उभा राहून
मी ते तीनदा म्हटलं.
तिसऱ्या आठवड्यात हेही गळणार, कागदावर लिहिलंय.
मग चार महिने नुसती वाट.

डोकं याआधी एकदाच भादरलं होतं,
आप्पांच्या दहाव्याला, नदीवर.
तेव्हा कुणी जपायला सांगितलं नव्हतं.
तसाच उन्हात हिंडलो, भिंतीला टेकून झोपलो,
आणि दोन महिन्यांत सगळे परत आले.
केस, म्हणजे.