वेगळ्या चुली

'ठोंबऱ्यांचं बरं चाललंय'
अकरा वर्षं, सोमवार ते शनिवार, रात्री साडेआठ.
अलीकडे साडेसहा.

मी भिंतींचा माणूस. प्लायच्या भिंती,
मागून बघाल तर फळ्या, खिळे, आणि माझा खडू:
ठोंबरे, दिवाणखाना, डावी.
मढला, जेट्टीच्या अलीकडे, तिसऱ्या गाळ्यात त्यांचं दादर.
वाळत घातलेल्या बोंबलांचा वास
त्या शाकाहारी घरात अकराच्या सुमाराला शिरायचा,
आणि एकदा आप्पा ठोंबरे वाक्य अर्धं टाकून म्हणाले,
"सूनबाई, काहीतरी लागलंय बघा."
ठेवलं तसंच. लोक हसले.
मग दर आठवड्याला काहीतरी लागायला लागलं.

पहिली फुटली गोदाक्का.
भांडी घासताना तिचं एकच वाक्य,
"मला मेलीला काय कळतंय!"
चिमूटभर होतं तोवर मीठ होतं.
चॅनेलनं तिला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं,
बावीस मिनिटांत नऊ वेळा तेच,
ताटात वाटीभर मीठ.
एकोणतीस भागांत गुंडाळलं.
परत आली तर मोरीपाशी दुसरी बाई,
आणि वाक्यही तिला पाठ.

मग जावई. मग पिंट्या दुबईत
(दुबई म्हणजे मालवणीतली एक गच्ची,
प्लास्टिकचे दोन खजूर आणि भरपूर पिवळा उजेड).
मग आप्पांचं तरुणपण, त्यात आप्पा
आप्पांहून वीतभर उंच.
"म्हातारपणी माणूस आखडतो, सर," लेखकानं समजूत घातली.
सर म्हणजे सुधाकर बेंद्रे.
बँकेतसुद्धा आता कुणी त्या नावानं हाक मारत नाही.

पैसा तेवढाच, खाणारी तोंडं पाच. म्हणून वाटण्या.
प्रॉडक्शनचा डिसिल्वा तलाठ्यासारखा वही घेऊन उभा:
सोफा आणि टीपॉय जावयाला.
देव्हारा तरुणपणाला, अजून थोडा काळा करा.
खिडकी दुबईला, बाहेरचं दादर तेवढं सोलून काढा.
दार सामाईक,
तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे,
दोन पाट्या, दोन आडनावं,
कुरकुरणारी बिजागरी एकच.
घड्याळ कुणी मागितलं नाही.
अकरा वर्षं त्यात सात वीस, कंटिन्युइटीसाठी.
ते मी घरी नेलं. बायको म्हणाली, सेल घाला की.
बघू म्हटलं.

काल मूळ मालिकेचा भाग होता. कितवा ते विचारू नका.
उरलेल्या दीड भिंतीपुढे कॅमेरा तिरका लावलेला.
आप्पा आले, चपला काढल्या, छत्री टांगली,
आणि मोकळ्या फरशीवर
डावीकडून एक नीट वळसा घालून पुढे आले.
टीपॉय गुरुवारीच टेम्पोतून गेलाय मीरा रोडला.
दिग्दर्शक नवा, सव्वीसचा. "कट. सर, सरळ या ना."
दुसरा टेक. वळसा.
तिसरा. आप्पांनी दात आवळले, पाय ऐकेनात.
कोपऱ्यातून गोदाक्का,
त्या दिवशी काम नव्हतं तिला, डबा द्यायला आलेली,
"मला मेलीला काय कळतंय," म्हणाली, अगदी हळू,
आणि आम्ही सगळे हसलो, लाइटवाली पोरंसुद्धा,
दोन वर्षांत हसलो नव्हतो तसे.
माइक बंद होता.

मग मी गोदामातून एक खोकं आणलं,
वर चादर टाकली, ठेवलं त्या जागी.
आप्पा आले, वळले. ओके.
चादर जरा आखूड पडली होती.
परवा टीव्हीवर नीट बघाल तर दिसेल, खालच्या बाजूला,
माझ्याच अक्षरात, उलटं:
दुबई. काच. जपून.