कवळीच्या रंगाची मूठ

नाव ऋजुता, आणि बाण सगळे डावीकडे.
शितोळ्यांची धाकटी. तीन तुकड्यांतलं धनुष्य
पाठीवरच्या पिशवीत घालून
फालका बाजारातला माझा जिना चढून आली,
तेव्हा मी एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या
वरच्या दाढा घासत होतो.

काका, कोच म्हणतात, मूठ हाताला बसत नाही.
नवी मागवायची तर बाबांचा अर्धा पगार.
तुम्ही मापं घेता ना?

तोंडांची घेतो, म्हटलं.
तिनं पंजा पुढे केला.

टाळूची हद्द आखायची माझी जांभळी पेन्सिल घेऊन
तिनंच तळव्यावर रेघ ओढली, आयुष्यरेषेवरून.
भार सगळा हिच्या अलीकडे, अंगठ्याच्या मुळाशी.
पलीकडे टेकलं की धनुष्य पिळतं, केसभर.
सत्तर मीटरवर तो केस हातभर होतो.

मेमधल्या ग्वाल्हेरात लेप वाडग्यातच धरतो,
म्हणून माठाचं पाणी, वर बर्फ, आणि झपाझप हात.
गार लगद्यात तळवा टेकवून तिनं डोळे मिटले.
त्या खुर्चीत सगळेच मिटतात.

पहिली मूठ अशी बसली की माझा मलाच हेवा वाटला.
प्रत्येक बोटाला घर, प्रत्येक पेराला खाच.
आठवड्यात परत हजर: आता आणखी डावीकडे.
इतकी छान बसते, काका, की धरावीशी वाटते.
आणि धरायचंच नसतं.

हे समजायला माझा एक रविवार गेला,
कंपूकडच्या मैदानावर, डोक्याला ओला पंचा बांधून.
डाव्या हाताची बोटं सैल,
कुणाच्या खांद्यावर सहज टेकवावीत तशी.
अंगठा नि तर्जनीमध्ये बुटाच्या नाडीचा फास.
बाण सुटला की धनुष्य पुढे पडतं,
खरोखर पडतं, आणि नाडी झेलते.
दर वेळी माझाच हात पुढे जायचा.

साइटचा स्क्रू फिरवत होती. मी म्हटलं,
बाण डावीकडे जातो तर ठिपका उजवीकडे ने की.
नाही काका, डावीकडेच.
चूक जाते तिकडे ठिपका न्यायचा,
मग हात आपोआप उलटा वळतो.
घरी येऊन दोनदा कागदावर काढून पाहिलं.
खरं निघालं.

कवळी सुटेल या भीतीनं माणसं लग्नात जेवत नाहीत.
चाळीस वर्षं मी घट्टपणाचेच पैसे घेतले.
आता त्याच कानशीनं, त्याच गुलाबी ॲक्रिलिकमधली
बोटांची घरं एकेक करून मोडली.
उरला एक उतार, अंगठ्याच्या मुळापुरता,
किंचित निसरडा,
आणि एक कडा, जी बाकीच्या तळव्याला
इथे नको, एवढंच सांगते.

मैदानावरची पोरं हसली. हिरड्यांचा रंग!
एकानं विचारलं, हिचं धनुष्य चावतं का?
चावतं ना, पिवळ्यात, ती म्हणाली.

खरं तर त्या दिवशी पिवळ्यात दोनच.
बाकी लालात, एक गवतात.
पण उजवीकडे चुकलेला तिचा पहिला बाण
तिनं धावत आणून मला दाखवला,
पेढा द्यावा तसा.

आता जबलपूरला असते, वसतिगृहात.
फळीवर, गेलेल्यांच्या नि असलेल्यांच्या जबड्यांत,
तिचा प्लॅस्टरचा पंजा उभा आहे,
जांभळी रेघ त्याच्यावरही उमटलेली.
गिऱ्हाइकं विचारतात, याला कोणते दात बसवणार?

परवा फोटो आला, उघड्या तळव्याचा.
हात वाढलाय, काका. दिवाळीत येते.

येऊ दे. तोवर थंडी पडलेली असेल,
लेप सावकाश धरेल,
पाणी साधंच चालेल.