भरपाई

कलम चौदा, उपकलम क.
मी ते मराठीत सांगून पाहिलं,
कारण खिडकीपलीकडचे इसाकभाई परकार
दापोलीकडचे निघाले,
आणि त्यांची शिफा काचेला टेकून गप्प उभी होती.

म्हटलं, चाळीसला पास.
पस्तीस ते एकोणचाळीस पडले तर नापास,
पण बाकीच्या पेपरांनी उचलून धरलं तर चालतं.
आपल्याकडे ढकलपास म्हणतात ना, तसंच,
फक्त ढकलणारे मास्तर नसतात,
आपलेच गुण आपल्याला ढकलतात.

"मग ढकला की."

शिफाला संभाव्यतेत सदतीस.
अरबीत चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर.
एकूण सरासरी एकोणसाठ.
पण पदवी जोड आहे, इसाकभाई.
दोन विभाग, दोन चुली.
अरबीचं उतू गेलेलं
संख्याशास्त्राच्या पातेल्यात ओतता येत नाही.
त्या अर्ध्यात पंचेचाळीस भरायला हवे होते,
चव्वेचाळीस पूर्णांक दोन भरले.

"मग ते वरचे जातात कुठं?"

अकरा वर्षं मनामातल्या या खिडकीत बसते,
हे कुणी विचारलं नव्हतं.
नियमपुस्तिकेत खाली पडलेल्यांना तीन पानं आहेत.
वरच्यांचा उल्लेख नाही.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
बादली भरत आली होती, शिपाई नमाजाला गेलेला.

मग त्यांनी डावा हात काउंटरवर ठेवला.
अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, करंगळी.
मधली दोन नाहीत.

"हिदच्या गोदीत गेली. साखळी सुटली.
त्याचं पण एक पुस्तक होतं, मॅडम,
बोटागणिक दर लिवलेला.
पण साहेब बोलला, उजवा शाबूत आहे तुझा,
काम काय अडत नाय. निम्मेच दिले.
तिथं दोन्ही हात एका माणसाचे धरले.
आणि इथं माझी पोर..."

"अब्बा, पुरे," शिफा म्हणाली.

मला रत्नागिरीला रसायनशास्त्रात
तीन गुण ग्रेसचे मिळाले होते.
गुणपत्रिकेवर त्यांची बारीक चांदणी होती.
फ्रेम करायला टाकताना आईनं सांगितलं,
लाकडी पट्टी तेवढी त्यावर येऊ द्या.
हे मी सांगितलं नाही.
सांगून सदतीसाचे अडतीससुद्धा झाले नसते.

फेरपरीक्षेचा फॉर्म सरकवला. ऑगस्ट, तारीख नऊ.
शिफानं उभ्या उभ्याच भरला,
विषयाच्या रकान्यात आधी दोन्ही लिहिले,
मग एक खोडला.

फी पंचवीस दिनार.
नोटा त्यांनी डाव्याच हातानं मोजल्या,
उजवा खिशात घालून,
सावकाश, मागची रांग खोकत असताना.

एक दिनार जास्त निघाला.
मी तो काचेखालून परत दिला.