सर्व मान्य

नातीनं टाकून दिलेला लॅपटॉप
आमच्या दोघांत एकच. ओट्याशेजारी असतो,
कळांच्या फटींत पावाचा चुरा.
सकाळी मी लिमा नदीच्या मुखाशी भरती किती वाजता, ते बघतो.
दुपारी दिओलिंदा बसते.
काय बघते, मी कधी विचारलं नाही.

सोमवारी हवामानाच्या कडेला
एक बाई हसत होती, डोक्याला रेशमी रुमाल,
खाली पंचवीस टक्के सूट.
मंगळवारी टोप. भांड्याचा नव्हे, केसांचा,
आखूड, तांबूस, पिकलेलासुद्धा.
बुधवारी इंजिनाचं गॅस्केट शोधत होतो
तर झोपताना घालायच्या मऊ टोप्या,
खास तुमच्यासाठी.

मला वाटलं, माझ्या टकलाची चेष्टा.
सांगायला हसत वळलो.
ती सूपसाठी हिरव्या कोबीची पानं चिरत होती
केसाइतकी बारीक,
पाठीवर तिची पांढरी वेणी.

पोर्तोला दात दाखवायला जाते म्हणाली होती.
तीनदा.
एवढे दात तिला उरलेत कुठे.

म्हणजे डॉक्टरला माहीत,
कुठल्याशा गावातल्या यंत्राला माहीत,
ज्यानं तिच्या हातचं सूप कधी चाखलं नाही.
आणि मी, बेचाळीस वर्षं याच टेबलाशी.

नात फोनवर म्हणाली, आजोबा, सेटिंगमध्ये जा,
मागोवा बंद करा, कुकी पुसून टाका,
खाजगी खिडकी उघडा, मग कुणालाच काही कळत नाही.
मी म्हटलं, बरं.
आणि काहीच पुसलं नाही.

रात्री ती झोपल्यावर बसलो.
एका बोटानं टाइप केलं:
रुग्णालयाजवळ पार्किंग, पोर्तो, पूर्ण दिवस.
टकलाला थंडी लागते का.
दोन माणसांपुरती होडी, सेकंडहँड.
पुढच्या वसंतात फुलणारे कंद.
मधेमधे पाटी यायची: कुकी चालतील?
चालतील.
ठिकाण कळू द्यायचं?
कळू दे.
लक्षात ठेवू?
ठेव बाबा, तू तरी ठेव.
सर्व मान्य, सर्व मान्य, दीड वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बराच वेळ पडद्यापुढे होती.
मी अंगणात होडीचा तळ खरवडत होतो,
एकच जागा, पुन्हा पुन्हा.
ती दारात आली, एप्रनला हात पुसत.
म्हणाली, बेलमिरो, पोर्तोत पार्किंग फार महाग आहे.
आपण ट्रेननं जाऊ.