खोली तीनशे चार, मनामा

भाडं निम्मं पडावं म्हणून
मी आणि बायराम एकाच खोलीत.
तो आठशे बारा, मी आठशे एकोणचाळीस.
मध्ये सव्वीस माणसं
आणि इस्त्रीचं टेबल, त्यावर वाळत घातलेले
माझे मोजे.

रात्री ड्रॉ लागला. पात्रता फेरीत समोरासमोर आम्हीच.
तो काही बोलला नाही. त्याच्या रॅकेटची तार तुटलेली,
माझ्याकडे शेवटचं रीळ.
अर्धं दिलं.

सकाळी नऊलाच कोर्ट तव्यागत.
प्रेक्षक म्हणाल तर नळी धरून उभा
श्रीवर्धनचा परकार.
माझ्या सर्व्हिसला हळूच म्हणायचा, "हाण!"

या फेरीला खुर्चीवर पंच नसतो.
आपली बाजू आपणच बघायची,
बोट आपणच वर करायचं.
टायब्रेक, आठ-नऊ.
माझ्याच तारेवरून त्याचा बॅकहँड आला
आणि रेषेला जेमतेम चाटून गेला.
परकारनं नळी दुसरीकडे वळवली.

बोट खालीच राहिलं.

बक्षीस शून्य. इचलकरंजीला फोन केला,
म्हटलं, इथं उकडतंय फार.

संध्याकाळी बायरामनं उरलेली तार
नीट गुंडाळून उशाशी ठेवली.
मोजे अजून ओलेच होते.