पंधरावर आण

गाडी उचलण्याआधी खाली वाक, अझीम.
जॅक नंतर.
आधी चेसिसच्या पोटात बोट घाल
आणि निघेल ती वाळू तळहातावर घे.
लाल असेल तर बदायरची.
फिकट, पिठासारखी, ती लिव्याची.
आणि ही राखाडी, चिकट, जिभेला खारट...
हा माणूस सबख्यात रुतला होता, पण सांगणार नाही.
गिऱ्हाईक बॉनेटखालचं सांगतं.
पोटातलं आपणच विचारायचं.

शहाऐंशीची लँड क्रूझर ही.
खल्फानच्या बापाने शोरूममधून काढली तेव्हा
मी इचलकरंजीत तिसरीत नापास होत होतो.
पुढे हिच्यातून शेळ्या गेल्या, नवरी गेली,
पाण्याच्या टाक्या गेल्या.
मागची चटई उचल. लेंड्या सापडतील,
खड्यासारख्या कडक.

खल्फान म्हणाला, नवं इंजिन टाकू. आठ सिलिंडरचं.
म्हटलं, टाकू. पैसे तुझे.
पण मग गिअरबॉक्स कुरकुरेल, मग शाफ्ट,
मग मागचा एक्सल मान टाकेल.
जोर वाढला की दुखणं खाली सरकतं, शेठ.
दोन दिवस फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी खजुराचा डबा घेऊन आला,
म्हणाला, जुनंच बांध.

सहाही पिस्टन काढले. ब्लॉक बोअर करून आणला.
वायरिंग कुंजुमोनने केलं, शिव्या देत देत,
तीन भावांनी तीन रंगांच्या तारा जोडल्या होत्या.
पाटे दहा नंबरच्या गल्लीत, गुलबाजकडे.
त्याच्याकडे मीटर नाही, तो रंग बघतो.
पाटा अर्धकच्च्या करवंदासारखा झाला
की पहिला घण.
करवंद मला दिसतं.
त्याला काय दिसतं, विचारलं नाही कधी.
कमान दोन इंच वर आली.

हे नीट बघ, पुढच्या चाकाचा गोळा.
सील गेलं की वाळू आत येते,
ग्रीसमध्ये कालवते, काळं मलम होतं.
हाताला किती मऊ लागतं!
तेच बेअरिंग खातं, एक अक्षर न बोलता.

सतरा वर्षं शारजात.
किती गाड्या वाळूत पाठवल्या, मोजल्या नाहीत.
स्वतः एकदाही गेलो नव्हतो.
त्या शुक्रवारी खल्फानने चावी माझ्या हातात दिली.
बांधलीस तू, चढव तू.

हब मी हातानेच फिरवले, दोन्हीकडे, खट्, लॉक.
चार चाकं एका जिवाची झाली.
आणि पहिल्याच चढाला
मी, उस्ताद,
एक्सलपर्यंत खाली.
रेस दिली. आणखी खाली.

तो हसला नाही.
दाराच्या सावलीत बसून गहवा ओतला,
मला दिला. मग म्हणाला, हवा किती?
पस्तीस, मी म्हटलं.
गॅरेजची सवय. टायर टणक असलेलं बरं दिसतं.
त्याने खिशातून खिळा काढला,
व्हॉल्व्हला टेकवला.
चारी चाकांनी एकेक करून सुस्कारा सोडला.
पंधरा.
टायरची पोटं वाळूवर पसरली,
जेवण झालेल्या माणसासारखी.
फावड्याने पुढचं थोडं काढलं, दुसरा गिअर,
आणि ती चढली, अझीम,
चढली म्हणजे काय, तरंगत गेली.

वरून काय दिसलं विचारतोस?
खरं सांगू, बघितलंच नाही.
माथ्यावर पोचलो आणि डावीकडून
टक... टक...
इंजिन बंद करून खाली शिरलो.
कानात वाळू, पाठीला चटका.
शॉकचा खालचा नट. अर्धा आटा सैल.
तो दुसऱ्या कुणी लावला नव्हता.
खल्फान वर उभा होता, लांब कुठेतरी बघत,
आणि बापाचं नाव घेऊन
गाडीशी काहीतरी बोलत होता.
मी थोडा वेळ खालीच पडून राहिलो.

जॅक लाव आता.
आणि पाना दे.
सतराचा.