तात्पुरती

डॉक्टर म्हणाले, "दोघींना पंधरा दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.
आधी वास, मग आवाज, दर्शन सगळ्यात शेवटी."
मी यांच्याकडे पाहिलं, यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
प्रतीक्षानगर, ट्रान्झिट कॅम्प, एकशे ऐंशी चौरस फूट,
आणि कडी लागते असं आतलं दार एकच:
बाथरूमचं.

तर ती बाथरूममध्ये राहिली,
बादलीमागे, डाव्या कानाचं टोक कापलेलं, पोटावर टाके,
पाण्याच्या मीटरच्या पेटीत सापडलेली,
करडी, कुणाचीच नसलेली.
तिला सांगितलं, टाके सुकेपर्यंत हं. तात्पुरतं.
आम्हालाही असंच सांगितलं होतं म्हाडाच्या साहेबांनी,
तीन वर्षं धरून चला, म्हणाले होते.
त्याला या मेमध्ये एकवीस होतील.

आंघोळीला आम्ही समोर पाताडेंकडे जायचो,
खांद्यावर टॉवेल, हातात साबणदाणी,
गंगेवर निघाल्यासारखे.
चौथ्या दिवशी पाताडेबाईंनी विचारलंच,
"मांजराची आंघोळ उरकली का?"

आणि ठमी.
आठ वर्षं फ्रिजवरून शेपूट सोडून बसणारी,
भाडेपावती तिच्याच नावावर असल्यासारखी.
ती आली, दाराच्या फटीला नाक लावलं,
आणि तिच्या पोटातून निघाला तो आवाज
मी आठ वर्षांत ऐकला नव्हता.
रात्रभर मला पाठ.
मांदेलीचं डोकं दिलं, हुंगलं, तिथेच टाकून गेली.

यांचा एक मोजा ठमीच्या गालावरून फिरवून आत ठेवला,
दुसरा आतलीच्या गालावरून बाहेर.
एक बशी दाराच्या अलीकडे, एक पलीकडे,
रोज बोटभर जवळ.
मधे प्लायवूड, खालून पाण्याने फुगलेलं.
खाता खाता दोघी थांबायच्या,
दुसरीचं चावणं ऐकायच्या.

मी लग्न होऊन या खोलीत आले
तेव्हा नणंद पडद्यापलीकडे झोपायची.
ती कूस बदलायची आणि मला कळायचं, ती जागी आहे.
मला कळलंय हे तिलाही कळायचं.
सहा महिने आम्ही मिठापुरतं बोललो.
मग एका रात्री मी डोकं धरून बसले असताना
पडद्याखालून बामची बाटली सरकत आली.

सतराव्या दिवशी कडी काढली.
सांगण्यासारखं फार नाही.
फिस्कारणं, एक पंजा, हवेत थोडे केस,
करडी सिलिंडरमागे, ठमी फ्रिजवर,
मधे हे, हातात झाडू,
कुणावर उगारायचा ते न कळून.

तेव्हापासून मी लाद्या मोजते.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चौदा.
पहिल्या आठवड्यात दोघींमध्ये अकरा.
मग नऊ. संकष्टीला सात.
झुरळ निघालं त्या दिवशी शून्य, पण ते धरत नाही.
परवा पुन्हा आठ, का ते विचारू नका,
कुकरची शिट्टी असेल, किंवा काही मनात आलं असेल.

टाके केव्हाच सुकले.
पाताडेबाई विचारतात, "नाव काय ठेवलंत?"
हे म्हणतात, "नाव कशाला, तात्पुरती आहे,"
आणि संध्याकाळी खिशातून सुकटाच्या दोन पुड्या काढतात,
दुकानदाराकडून काट्यावर सारख्या करून आणलेल्या.

समोर टॉवर झाल्यापासून
आमच्याकडे ऊन येतं ते दीड लादी, वीस मिनिटं.
आज त्यात ठमी झोपली होती.
करडी आली, कडेला बसली,
पुढचा एक पाय उन्हात ठेवला.
ठमीने डोळा उघडला, त्या पायाकडे पाहिलं,
मिटला.
पाय तसाच.